चौदा पावले

नॉर्थ कॅरोलिनातल्या रोडॅन्थे गावाच्या किनाऱ्यावर पोहोचताच बाबांनी बूट काढून हातात घेतले, पँटचे पाय दोनदा दुमडून वर केले आणि ते पाण्याकडे निघाले. समुद्र दिसला की आधी अनवाणी व्हायचे, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावायचे आणि मगच बोलायला लागायचे, हा त्यांचा रत्नागिरीपासूनचा शिरस्ता आहे. ते दहा पावले गेले असतील, तेवढ्यात समोरून एक वयस्कर बाई आल्या. त्यांच्या एका हातात लांब दांडा लावलेले लोहचुंबक होते आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली. त्या थांबल्या, त्यांनी आधी बाबांच्या पायांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले आणि अतिशय मऊ आवाजात, पण वाद घालायला जागा न ठेवता, वडिलांना बूट घालायला सांगा असे म्हणाल्या. मग त्यांनी बादली माझ्याकडे कलती केली. तळाशी गंजलेले खिळे, स्क्रू आणि तारांचे तुकडे होते. काही आठवड्यांपूर्वी थोड्या अंतरावरचे एक घर समुद्रात कोसळले होते आणि त्याचे खिळे अजून वाळूतून वर येत होते. मी काही सांगण्याआधीच बाबा वाळूत बसून मोजे चढवू लागले होते.

समुद्रावर येऊन पाण्याला हात न लावता परतलेले बाबा मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

घडले ते एवढेच. पण ते मनातून जाईना. वाळूत काचा असतात, शिंपल्यांच्या धारदार कडा असतात, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही माहीत असते. खिळ्यांचे तसे नाही. खिळा कोणीतरी, काहीतरी काही काळ धरून राहावे म्हणून ठोकलेला असतो. घरे कोसळल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या, चित्रफितीही पाहिल्या होत्या. लाकडी खांबांवरचे दुमजली घर गुडघे टेकावेत तसे लाटांत बसते आणि काही क्षणांत त्याचे तराफे होऊन वाहू लागतात, हे पाहून हळहळलेही होते. पण बादलीच्या तळाशी वाजलेला त्या खिळ्यांचा आवाज मला अधिक खोल लागला.

आम्ही कॅरीला राहतो. आमच्या भागातून जाणारा ६४ क्रमांकाचा महामार्ग थेट पूर्वेला जातो आणि डेअर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, नॅग्ज हेडला अटलांटिकपाशी संपतो. सगळे नॉर्थ कॅरोलिना म्हणायचे असले की इथले लोक 'मर्फीपासून मँटिओपर्यंत' असे म्हणतात, त्यातले मँटिओ हे या काउंटीचे मुख्य ठाणे. बाबांनी आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली. गाडीतून जाताना इतर लोक देखावे पाहतात आणि बाबा हद्दी पाहतात. कुंपण कुठे वळले, ओढा कोणाच्या अंगाला आला, रस्त्याने कोणाचे शेत तोडले, हे त्यांना न बघता राहवत नाही. जसजसे पूर्वेकडे जाऊ लागलो तसतशी जमीन सपाट होत गेली, पाणी शेतांतून डोकावू लागले आणि ॲलिगेटर नदीच्या लांब पुलावरून जाताना मी त्यांना सांगितले की इथून डेअर काउंटी सुरू होते. हद्द नदीच्या पाण्यातून जाते हे कळल्यावर ते बराच वेळ काचेतून खाली बघत राहिले. ज्या रेषेवर दगड पुरता येत नाही ती रेषा त्यांच्या हिशेबात कच्ची असते.

नदीपलीकडचा भाग पर्यटक डोळे मिटून ओलांडतात, कारण त्यांना किनारा गाठायचा असतो. मला मात्र काउंटीचा स्वभाव तिथेच पहिल्यांदा कळतो. काळ्या, अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या जमिनीवर मैलोन्‌मैल दलदलीचे रान आहे. १९८४ पासून ते वन्यजीवांसाठी राखीव आहे आणि जंगलातून नाहीसे झालेले लाल लांडगे १९८७ मध्ये तिथेच पुन्हा सोडण्यात आले. रस्त्याच्या कडेने पाणी काढून देण्यासाठी पूर्वी कालवे खणले गेले. जमीन समुद्रसपाटीपासून इतकी कमी उंच आहे की त्याच कालव्यांतून आता खारे पाणी उलटे आत शिरते. ज्या झाडांच्या मुळांना ते लागते ती उभ्याउभ्या वाळतात. साल गळून पडते आणि राखाडी, फांद्या तुटलेले बुंधे उरतात. इथे त्यांना 'घोस्ट फॉरेस्ट' म्हणतात. बाबांनी विचारले की ही झाडे जळली का. मी सांगितले, नाही, मिठाने मेली. आमच्याकडे खाजणाचा बांध फुटून खारे पाणी भातशेतीत घुसले की त्या शेताकडे म्हातारी माणसे जशी बघायची, तसे ते त्या झाडांकडे बघत होते.

डेअर काउंटीचे क्षेत्रफळ नकाशावर मोजले तर त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच भरते. बाकीच्यात रोआनोक बेट, हा दलदलीचा मुख्यभूमीचा तुकडा आणि समुद्रात दूरवर, धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली वाळूची अरुंद पट्टी. या पट्टीला 'आउटर बँक्स' म्हणतात. पट्टी आणि मुख्यभूमी यांच्यामध्ये पॅम्लिको साउंड हे विस्तीर्ण उथळ पाणी आहे. बऱ्याच ठिकाणी माणूस उभा राहू शकेल इतकेच ते खोल असते, पण रुंदी एवढी की पलीकडचा काठ दिसत नाही. १५२४ मध्ये व्हेराझानो या खलाशाने वाळूच्या पट्टीपलीकडे हे पाणी पाहिले आणि तो त्याला पॅसिफिक महासागर समजला. बाबांना सर्वांत नवल वाटले ते साउंडच्या भरती-ओहोटीचे. तिथे चंद्राचा जोर जवळजवळ चालत नाही, पाणी वाऱ्यावर चालते. एका बाजूने वारा दीर्घकाळ वाहिला की पाणी दुसऱ्या काठावर रचले जाते आणि वादळ पुढे सरकून वारा फिरला की तेच पाणी उलट येऊन घरांच्या मागच्या दाराने शिरते. हॅटरास बेटावरची गावे दोन्ही बाजूंनी पाण्याच्या ताब्यात आहेत, हे नकाशा बघून कळते. साउंडच्या काठी संध्याकाळी बसून, पाठीमागे समुद्राची गाज ऐकत, समोरचे पाणी कसलाही आवाज न करता गवतात चढताना पाहिले की ते अंगावर येते.

काउंटी १८७० मध्ये करिटक, टिरेल आणि हाइड या तीन काउंट्यांचे तुकडे जोडून बनवली गेली. तिला नाव मिळाले व्हर्जिनिया डेअर या मुलीचे, जी १८ ऑगस्ट १५८७ रोजी रोआनोक बेटावर जन्मली. अमेरिकेत जन्मलेले इंग्रज आईबापांचे ते पहिले मूल. तिचे आजोबा जॉन व्हाइट हे त्या वसाहतीचे प्रमुख होते. सामग्री आणायला ते त्याच वर्षी इंग्लंडला गेले, युद्धामुळे तीन वर्षे अडकले आणि १५९० मध्ये, नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या दिवशी परतले, तेव्हा वस्ती रिकामी होती. एका खांबावर 'क्रोअटोअन' एवढा शब्द कोरलेला होता. ते मूळ रहिवाशांच्या बेटाचे नाव. आजच्या हॅटरास बेटाचा तो भाग. मुख्य ठाण्याला ज्याचे नाव आहे तो मँटिओही क्रोअटोअनचाच. त्या माणसांचे पुढे काय झाले यावर इथे फार बोलले जाते. मला त्या आजोबांचे वाटते. ते चित्रकार होते आणि त्यांनी या किनाऱ्याचे नकाशे काढले होते. त्या नकाशांत वाळूच्या पट्टीला ज्या ठिकाणी भेगा दाखवल्या आहेत, त्यातल्या कितीतरी भेगा आज बुजल्या आहेत आणि आज जिथे समुद्र आत येतो तिथे त्यांच्या काळी सलग जमीन होती. पट्टी फोडून समुद्र साउंडला मिळतो त्या मुखाला इनलेट म्हणतात. सध्याचे मोठे ऑरेगॉन इनलेट १८४६ च्या एका चक्रीवादळात एका रात्रीत उघडले आणि तेव्हापासून ते दक्षिणेकडे दोन मैलांहून अधिक सरकले आहे. त्याच्या दक्षिणेला १८४७ मध्ये बांधलेल्या पहिल्या बोडी दीपगृहाची जागा आता पाण्याखाली आहे.

रोआनोक बेटावर आम्ही मत्स्यालय पाहायला गेलो होतो. त्याच्या आवारात, झाडांखाली, रिचर्ड एथरिज यांची समाधी आहे. हा माणूस १८४२ मध्ये याच बेटावर गुलाम म्हणून जन्मला. यादवी युद्धात, १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने बेट जिंकल्यावर आजूबाजूच्या मळ्यांतून सुटलेले लोक होड्यांतून, दलदलीतून इथे येऊ लागले आणि पुढच्या वर्षी त्यांची रीतसर वसाहत मांडली गेली. रस्ते आखले गेले, एकेक एकराचे तुकडे पाडून कुटुंबांना दिले गेले, शाळा आणि लाकडाची गिरणी उभी राहिली. वस्ती तीन हजारांच्या वर गेली. एथरिज तेव्हा सैन्यात भरती होऊन लढत होते. युद्ध संपले आणि सरकारने ती जमीन मूळ मालकांना परत केली. १८६७ मध्ये वसाहत संपली. बाबांना हे सांगताना माझा आवाज जड झाला. आयुष्यात प्रथमच ज्यांच्या नावे एक एकर लागला, त्यांच्याकडून तो कोणत्याही लाटेने घेतला नाही. तो कागदाने घेतला. बाबा म्हणाले, "मोजणी केली असेल, पण नोंद लावली नसेल." मी त्यावर काही बोलले नाही. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या जमिनीची भांडणे बघितलेल्या माणसाने एका वाक्यात ते सांगितले होते.

एथरिज १८८० मध्ये पी आयलंडच्या जीवरक्षक ठाण्याचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखालची सगळी तुकडी कृष्णवर्णीयांची होती. देशात तशी दुसरी नव्हती. या किनाऱ्यासमोर उबदार गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेचे थंड पाणी भिडते, खाली डायमंड शोल्सचे सरकते वाळूचे ढीग आहेत आणि शेकडो जहाजे तिथे फुटली आहेत. जीवरक्षक रात्रभर वाळूतून पायी गस्त घालत. शेजारच्या ठाण्याचा गस्तवाला वाटेत भेटला की दोघे पितळी बिल्ले बदलून घेत आणि मागे फिरत. ११ ऑक्टोबर १८९६ च्या वादळात 'ई. एस. न्यूमन' हे जहाज किनाऱ्याजवळ रुतले. पाणी इतके वर चढले होते की दोरी फेकण्याची तोफ रोवायलाच जमीन नव्हती. एथरिज यांनी माणसांच्या कमरेला दोर बांधून त्यांना लाटांत पाठवले. पुन्हा पुन्हा पोहत जाऊन त्यांनी जहाजावरच्या नऊही जणांना बाहेर काढले, त्यात कप्तानाची पत्नी आणि लहान मूल होते. त्यासाठीचे सुवर्णपदक त्या तुकडीला १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी मिळाले. समाधीपाशी बाबांनी बूट काढले. तिथे खिळे नव्हते.

वाळूची ही पट्टी सरकते, यात आश्चर्य काही नाही. ती सरकते म्हणूनच टिकली आहे. वादळात समुद्राचे पाणी तिच्यावरून ओलांडून जाते तेव्हा समोरची वाळू उचलून मागे साउंडच्या बाजूला नेऊन टाकते. समोरून झिजायचे आणि मागून वाढायचे, अशी ती मुख्यभूमीच्या दिशेने हळूहळू लोळत राहते. किल डेव्हिल हिल्सला जिथे राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंदांचे पहिले उड्डाण केले, तिथली टेकडीसुद्धा वाळूची होती. स्मारक बांधायचे ठरले तोवर ती मूळ जागेपासून शेकडो फूट सरकली होती, म्हणून आधी गवत लावून तिला एका जागी बसवावे लागले आणि १९३२ मध्ये तिच्या माथ्यावर दगडी मनोरा उभा राहिला. नॅग्ज हेडचा जॉकीज रिज हा वाळूचा डोंगर मात्र अजून मोकळा आहे. १९७३ मध्ये घरे बांधण्यासाठी त्याला बुलडोझर लागला, तेव्हा कॅरोलिस्टा बॉम ही गावातली बाई यंत्रासमोर उभी राहिली आणि त्यातून पुढे तिथे राज्य उद्यान झाले. त्या वाळूखाली एक जुने मिनी गोल्फचे मैदान गाडले गेले आहे. वारा फिरला की त्यातल्या सिमेंटच्या किल्ल्याचा बुरूज अधूनमधून वर येतो. याच पट्टीवर १९३० च्या दशकात सरकारी मजुरांनी मैलोन्‌मैल कुंपणे रोवून, गवत लावून समुद्राच्या कडेने वाळूचा उंच बांध उभा केला. त्याच्या आडोशाने रस्ता आला, रस्त्याने गावे वाढली, भाड्याची घरे आली. हेतू चांगलाच होता. पण पाणी ओलांडेनासे झाले, मागे वाळू जाईना आणि समोरची झीज थांबली नाही. २००३ मध्ये इझाबेल वादळाने फ्रिस्को आणि हॅटरास या गावांमध्ये बेट फोडले. ती भेग यंत्रांनी वाळू ओतून बुजवण्यात आली. रोडॅन्थेला तर २०२२ पासून रस्ताच बेट सोडून, साउंडच्या पाण्यावरून अडीच मैलांच्या वळणदार पुलाने गावात शिरतो. त्या पुलावरून जाताना डावीकडे जुना रस्ता जात होता ती वाळूची पट्टी दिसते.

या सगळ्यात माझ्या मनाला पटणारी एकच गोष्ट हॅटरासच्या दीपगृहाची आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, देशातला सर्वांत उंच विटांचा हा दीपस्तंभ काउंटी झाली त्याच वर्षी, १८७० मध्ये पेटला. तेव्हा समुद्र त्याच्यापासून १,५०० फूट दूर होता. शंभर वर्षांत तो १२० फुटांवर आला. भिंती, धक्के, वाळूची पोती, सगळे करून झाले आणि अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात ४,८०० टनांचा तो मनोरा पायापासून कापून, जॅकवर उचलून, पोलादी रुळांवरून तेवीस दिवसांत २,९०० फूट आत नेला. तेव्हा तो पुन्हा समुद्रापासून सुमारे १,६०० फुटांवर गेला. बाबांनी त्याला प्रदक्षिणा घातल्यासारखी फेरी मारली, विटांवर तळहात ठेवला आणि जुनी जागा कुठे होती ते विचारले. मी दाखवली. दोन्ही जागांमधले अंतर ते चालत गेले आणि चालत आले, पावले मोजत. त्यांच्या तोंडावर मला त्या सहलीतले खरे समाधान तेव्हाच दिसले.

घरे मात्र बहुतेक मागे घेता येत नाहीत, कारण त्यांच्यामागे दुसऱ्याचा प्लॉट, रस्ता आणि मग साउंड असतो. रोडॅन्थेला काही ठिकाणी समुद्र वर्षाला दहा-पंधरा फूट आत येतो. २०२० पासून रोडॅन्थे आणि बक्स्टन या दोन गावांत वीसहून अधिक घरे कोसळली आहेत. १० मे २०२२ रोजी एकाच दिवशी दोन गेली, तर ३० सप्टेंबर २०२५ रोजी बक्स्टनमध्ये एकाच दुपारी पाच. नॅशनल पार्क सर्व्हिसने २०२३ मध्ये रोडॅन्थेची दोन घरे विकत घेऊन, पडण्याआधीच ती पाडली आणि ती जागा किनाऱ्याला दिली. तसे आणखी व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. ही बरीचशी घरे दूरच्या मालकांची, आठवड्याच्या भाड्याने देण्याची असतात, हे खरे आहे. त्यातल्याच एका घरात आम्ही तीन रात्री राहिलो आणि सज्जात चहा पिताना आम्हाला फार बरे वाटले, हेही खरे आहे. तेव्हा हळहळण्याचा माझा अधिकार किती, हे मला ठरवता येत नाही. पण रोडॅन्थेहून एक गाव सोडून साल्व्होला साउंडच्या अगदी काठावर एक जुनी दफनभूमी आहे. तिथे दगडांवर पुन्हा पुन्हा तीच तीन-चार आडनावे येतात आणि पाण्याने काठ खात खात त्यांच्यापर्यंत हात पोहोचवला आहे. त्या बादलीवाल्या बाईंचे आडनाव मी विचारले नाही. त्या तिथल्याच असाव्यात, असे त्यांच्या चालण्यावरून वाटले.

कॅरीला परतल्यावर दोन दिवसांनी बाबांनी मला लॅपटॉप मागितला. काउंटीचा जमिनीचा नकाशा लोकांना बघता येतो का, असे त्यांना विचारायचे होते. तो बघता येतो. वरून घेतलेल्या छायाचित्रावर प्लॉटच्या हद्दी रेषांनी आखलेल्या असतात. आम्ही रोडॅन्थे शोधले. घरांच्या ओळीपुढे वाळू होती, वाळूपुढे फेस, आणि फेसाच्या पुढे हिरव्या पाण्यात चौकोन आखलेले होते, त्यांना क्रमांक होते. बाबा कितीतरी वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले. आपल्याकडे नदीने खाल्लेल्या जमिनीचा आकार कमी करून मिळतो, नदीने टाकलेल्या मळईचे वेगळे नियम आहेत, हे त्यांनी मला सांगितले आणि इथे काय करतात ते विचारले. सरासरी भरतीची जी रेषा असते तिच्या पलीकडचे सगळे राज्याचे, म्हणजे सगळ्यांचे, आणि ती रेषा आत आली की मालकी तेवढी आक्रसते, असे मी मला समजले तसे सांगितले. "म्हणजे हद्दीचा दगड समुद्रच," ते म्हणाले. मग खिशातली डायरी काढून त्यांनी मला एक नोंद दाखवली. आम्ही राहिलो त्या घराच्या समुद्राकडच्या शेवटच्या खांबापासून ओल्या वाळूपर्यंत त्यांनी बूट घालून पावले टाकली होती. चौदा. खाली तारीख आणि वेळ. त्या दिवशी पाण्याला हात लावायचा राहिला, पण मोजणी राहिली नव्हती.

बाबा जूनमध्ये रत्नागिरीला परतले. ऑक्टोबरच्या अखेरीस मी एकटीच पुन्हा रोडॅन्थेला गेले. नुकतेच एक वादळ खूप दूरून, किनाऱ्याला न टेकता गेले होते, तरी लाटांत अजून जोर होता आणि हवेत मिठाचे धुके होते. मी पायांत बूट ठेवूनच वाळूत उतरले. घर उभे होते. जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या नव्हत्या आणि वीज तोडलेली होती. समुद्राकडच्या शेवटच्या खांबापासून पावले टाकायला मी वळले, तर तो खांब पाण्यात होता; लाट आली की त्याच्याभोवती फेसाचे कडे व्हायचे आणि पुन्हा विरायचे. दुसऱ्या ओळीतल्या खांबापासून मी मोजले. तीन पावले.

रात्री बाबांना फोन केला आणि जे पाहिले ते सांगितले. पलीकडे डायरीची पाने उलटल्याचा आवाज आला. त्यांनी वेळ विचारली, मी सांगितली, मग त्यांनी विचारले, "अगं, पण तू मोजलंस तेव्हा भरती होती की ओहोटी?"

मी ते पाहिलेच नव्हते.